पहाऱ्याची हमी कोणाच्या नावावर?

मुंबईच्या कापड गिरणीत एकाच आवारात दोन जोखमीची कामे चालत. एक बॉयलरपाशी, दुसरे फाटकावर. बॉयलरवरच्या माणसाची योग्यता तपासली जाई. 1923 च्या भारतीय बॉयलर कायद्याने तसे नियम करण्याचा अधिकार प्रांतांना दिला होता. सक्षमतेचे प्रमाणपत्र असेल त्याच्याच ताब्यात बॉयलर द्यायचा, आणि ते प्रमाणपत्र त्या माणसाच्या नावाचे असे. गिरणी बदलली तरी ते त्याच्याजवळच राही. फाटकावरच्या पहारेकऱ्याला मात्र अशी परीक्षा कधी द्यावी लागली नाही. तो कुठल्या मुलखातला, अंगापिंडाने कसा, कोणाच्या ओळखीने आला, एवढे पाहिले की त्याच्या हाती काठी येई आणि गिरणीचा सगळा माल त्याच्या भरवशावर सोपवला जाई. हा फरक सहज पडलेला नाही. महाराष्ट्रातल्या पहाऱ्याच्या व्यवसायाचा दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट सतत दिसते. पहारेकऱ्याच्या भरवशाची हमी नेहमी दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर राहिली. कधी गावाच्या, कधी जातीच्या, कधी जामीन राहणाऱ्याच्या, कधी सरकारी मंडळाच्या आणि आज एजन्सीच्या. त्याच्या स्वतःच्या नावावर ती कधी चढली नाही. सुरक्षा रक्षकाने परीक्षा द्यावी, तिची तयारी करावी आणि परवाना स्वतःच्या नावाने मिळवावा, ही मागणी म्हणूनच कागदपत्रांच्या सोयीपुरती नाही. या व्यवसायाने पिढ्यान्‌पिढ्या जो अन्याय सोसला, त्यावरचा तो उपाय आहे, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात गावापासून करायला हवी. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने 1819 मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या बंदोबस्ताचे बारकाईने वर्णन आहे. बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची, आणि त्याच्या हाताखाली राखणदार. या राखणदाराने रात्री गस्त घालायची, गावात कोण आले आणि कोण गेले यावर नजर ठेवायची, संशयित माणसाची खबर पाटलाला द्यायची आणि गावातल्या प्रत्येकाची चालचलणूक ठाऊक करून घ्यायची. चोरी झाली तर चोर शोधणे हेही त्याचेच काम. पावलांचा माग काढत तो शिवेपर्यंत जाई. माग पुढच्या गावच्या हद्दीत शिरला की तिथल्या राखणदाराच्या हवाली करी आणि मग जबाबदारी त्या गावावर जाई. माग गावातच विरला, तर चोरीच्या मालाची भरपाई राखणदाराने ऐपतीप्रमाणे करायची आणि उरलेली रक्कम गावावर बसवायची. पुणे-साताऱ्याकडे हे काम बहुधा रामोश्यांकडे असे. वेशीवर येसकर असे आणि गावोगावी महार व इतर जातींचे जागले ही कामे पिढीजात करत.

आजच्या नजरेने पाहिले तर या माणसाचे ज्ञान थोडे नव्हते. ओल्या मातीतला ठसा किती वेळापूर्वीचा, चालणारा लंगडत होता की पाठीवर ओझे घेऊन होता, जनावर हाकत नेले की उधळले, हे सारे त्याला वाचता येई. शिवेचा दगड कुठे आहे आणि कोणत्या ओढ्यात माग तुटतो, हे त्याच्या पायांना ठाऊक असे. तो परीक्षाही देत होताच. दर रात्री देत होता, आणि नापास झाला तर दंड घरातल्या भांड्याकुंड्यांतून भरत होता. पण ही सगळी विद्या वतनात जमा होई. तो जागल्या असायचा तो जागल्याच्या घरी जन्मला म्हणून. गाव त्याला बलुते देई ते त्याच्या घराण्याच्या हक्काने. हाच माणूस दुष्काळात गाव सोडून दुसऱ्या मुलखात गेला तर आपल्याला माग काढता येतो हे सिद्ध करायला त्याच्याजवळ काहीच उरत नसे. कौशल्य त्याचे, पण त्याची नोंद मात्र गावाच्या दप्तरात. या व्यवसायाच्या पुढच्या सगळ्या दुखण्यांचे मूळ इथे आहे.

हे मूळ किती विषारी होते ते इंग्रजी अमदानीत दिसले. किल्ल्यांच्या बंदोबस्ताची जुनी व्यवस्था मोडली, रामोश्यांचे हक्क गेले, आणि पुरंदरच्या परिसरातल्या उमाजी नाईकांच्या नेतृत्वाखाली 1820 च्या दशकात त्यांनी बंड केले. ते शमवताना कंपनी सरकारने त्यांच्यातल्याच अनेकांना डोंगरी मुलखाच्या बंदोबस्ताच्या कामावर घेतले. पुढे पुण्याच्या छावणीत साहेबांच्या बंगल्यावर रामोशी ठेवण्याची रीत पडली. त्यामागचा हिशेब उघड होता. रामोशी पगारावर असला की इतर रामोशी त्या घराला हात लावणार नाहीत. म्हणजे पगार पहाऱ्याच्या कसबाचा नव्हता, जातीकडून अभय मिळावे म्हणून होता. आणि ज्या समजुतीने रामोशाला जन्माने राखणदार ठरवले, त्याच समजुतीने त्याला जन्माने चोरही ठरवले. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत, कारण त्यांच्यावर हा शिक्का बसला होता. ज्यांनी गावाच्या चोऱ्यांची भरपाई स्वतःच्या खिशातून केली, त्यांच्या नातवंडांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागली. माणसाची पारख एकेकट्याने न करता जमातीवरून केली, की भरवसा आणि संशय दोन्ही घाऊक होतात. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. ती समजूत मात्र कायद्याबरोबर गेली नाही.

वतनाच्या चौकटीतून माणसाला सोडवल्याशिवाय त्याची सुटका नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार आधी ओळखले होते. 1867 च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने आणि 1874 च्या वंशपरंपरागत अधिकारपदांच्या कायद्याने गावकामगारांची जुनी बांधिलकी इंग्रजी कागदावर आणून पक्की केली होती. महारांना रात्रंदिवस केव्हाही राबवता येई. त्याचा मोबदला तुटपुंजा, आणि काम नाकारण्याची सोय नाही. 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. कामाचे स्वरूप ठरलेले असावे, मोबदला निश्चित असावा आणि ज्याला वतन सोडायचे त्याला ते सोडता यावे, हा त्यामागचा रोख होता. विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा 1958 मध्ये झाला. त्याने जन्माची सक्ती संपवली, हे फार मोठे काम झाले. पण जन्माऐवजी पहारेकऱ्याची योग्यता कशाने ठरवायची, या प्रश्नाचे उत्तर त्या कायद्याकडे नव्हते. ते देणे त्याचे कामही नव्हते. उत्तर शहराने द्यायचे होते.

शहराने जुनेच उत्तर नव्या वेषात दिले. मुंबईच्या पोलीस दलाचा उगमच सतराव्या शतकात मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आँजियरने उभारलेल्या भंडारी मिलिशियात सापडतो. एका जातीवर विसंबून बंदोबस्त उभा करायचा, ही कल्पना या शहराला तेव्हापासून ठाऊक होती. गिरण्या, गोद्या आणि पेढ्या वाढल्या तसे पठाण, उत्तर भारतीय आणि नंतर नेपाळी पहारेकरी आले. लढवय्या जमातींबद्दलची पलटणीतली कल्पना गिरणीच्या फाटकापर्यंत पोचली. तिची किंमत काय पडू शकते हे फेब्रुवारी 1929 मध्ये दिसले. त्याआधी शिवडीच्या तेल कंपन्यांच्या संपात संपकऱ्यांच्या जागी पठाणांना कामावर आणले होते. त्यामुळे कामगारांत आधीच राग होता. त्यातच पठाण मुले पळवतात अशी अफवा उठली आणि पठाणांवर हल्ले सुरू झाले. पुढे त्याला हिंदू-मुसलमान दंग्याचे वळण लागले. मारला गेलेला प्रत्येक पठाण पहारेकरी नव्हता, आणि पहारेकऱ्यांपैकी कोणाची वैयक्तिक चूक होती असेही नव्हते. जो पहारेकरी होता त्याला जमातीमुळे नोकरी मिळाली होती, आणि जमातीमुळेच त्याचा जीव गेला. 1950 च्या भारत-नेपाळ करारानंतर नेपाळी माणसाला इथे येऊन काम करणे सोपे झाले. पश्चिम नेपाळच्या डोंगरी जिल्ह्यांतले तरुण मुंबईच्या इमारतींवर रात्रपाळी करू लागले. लोकांनी त्यांना प्रामाणिक मानले, पण तेही जमातीवरूनच. एखाद्या सोसायटीत चोरी झाली की संशय आधी त्यांच्यावर येई, आणि तोही जमातीवरूनच.

सत्तरच्या दशकापर्यंत खासगी सुरक्षा कंपन्यांचा धंदा मुंबईत जम धरू लागला होता. रक्षक कंपनीचा, काम कारखान्याचे, आणि पगाराची जबाबदारी दोघांच्या मधे लोंबकळलेली. बारा बारा तासांची पाळी, रिलिव्हर आला नाही तर डबल ड्युटी, ना फंड ना रजा, आणि कंत्राट संपले की घरी. या परिस्थितीवर महाराष्ट्राने काढलेला तोडगा देशात वेगळा होता. हमाल कामगारांसाठीचा 1969 चा माथाडी कायदा हाताशी होताच. त्याच धर्तीवर 1981 मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यांसाठी कायदा झाला. त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळ स्थापन झाले. रक्षकाने मंडळात नोंदणी करायची, मंडळाने त्याला आस्थापनेकडे पाठवायचे. आस्थापनेने पगार आणि त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने पगार, भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा यांचा हिशेब सांभाळायचा. एका आस्थापनेने रक्षक परत पाठवला तरी त्याची नोकरी तुटत नव्हती, तो मंडळाच्या नोंदवहीत राही. पहारेकऱ्याचे नाव मालकापासून सुटे करून एका सार्वजनिक वहीत नोंदवण्याचे हे काम आधी कोणी केले नव्हते.

हा कायदा मला या इतिहासातले सर्वात मोठे वळण वाटते, आणि म्हणूनच त्याची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. कल्याणाची हमी त्याने रक्षकाच्या नावावर केली, कौशल्याची केली नाही. मंडळाची नोंदणी हा मुख्यतः नोकरीचा हक्क होता. उंची, छाती, वजन, चारित्र्य हे पाहिले जाई, पण काय येते याचा स्वतंत्र दाखला त्यातून मिळत नसे. शिवाय कायद्याच्या 23 व्या कलमाखाली सूट मिळवून अनेक एजन्सींचे रक्षक मंडळाच्या योजनेबाहेर राहिले. त्याच सुमारास, 18 जानेवारी 1982 पासून गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढच्या दोन दशकांत गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. मागावर वीस-वीस वर्षे काढलेले कामगार आणि त्यांची मुले यांतल्या कित्येकांना त्याच आवारात निळा शर्ट घालून गेटवर उभे राहावे लागले. विणकराचे कसब नव्या कामात मोजले गेले नाही, आणि नव्या कामातले कसबही कोणी मोजले नाही. व्यवसाय वाढत होता आणि त्याची प्रतिष्ठा घटत होती.

केंद्राचा खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा 2005 मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. परवान्याशिवाय एजन्सी चालवणे हा त्याने गुन्हा ठरवला. रक्षकाचे वय 18 ते 65 च्या दरम्यान असावे, चारित्र्याची खातरजमा झालेली असावी आणि त्याने ठरलेले प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केलेले असावे, अशा अटी घातल्या. 2006 च्या आदर्श नियमांनी प्रशिक्षणाचा तपशील दिला. वर्गातले किमान 100 तास, प्रत्यक्ष कामाचे 60 तास, आणि हे सगळे किमान 20 कामाच्या दिवसांत विभागलेले. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना 40 आणि 16 तास, किमान सात दिवसांत. पुरुषाची उंची किमान 160 सेंटिमीटर, स्त्रीची 150, सहा मिनिटांत एक किलोमीटर धावण्याची ताकद, रंगांधळेपणा नसावा, आणि दर बारा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी. विषयांची यादी वाचली की या कामाकडे पाहण्याची नजर बदलते. आग विझवणे, गर्दी आवरणे, ओळखपत्रे आणि पारपत्रे तपासणे, घातपाताची वस्तू ओळखणे, प्रथमोपचार, स्वसंरक्षणाचा हक्क, फिर्याद नोंदवण्याची रीत, पोलीस आणि सैन्यातल्या हुद्द्यांची चिन्हे, अलार्म आणि तपासणीची यंत्रे. एवढे सगळे ज्याला यायला हवे, त्याला केवळ बसून राहणारा माणूस समजणे ही समाजाची चूक आहे.

या अभ्यासक्रमाची खरी तयारी म्हणजे काय, ते दोन ठिकाणी जवळून पाहता येईल. पहिले आगीचे. अग्निशामक नळकांडे भिंतीवर टांगलेले असते, पण ते वापरायच्या क्रमात चूक झाली तर हाताशी असलेली काही सेकंदे वाया जातात. आधी खीळ काढायची, मग नळी ज्वाळांच्या शेंड्याकडे न धरता आगीच्या बुडाशी रोखायची, मग खटका दाबायचा आणि फवारा डावी-उजवीकडे फिरवत न्यायचा. त्याआधीही एक निर्णय असतो. आग विजेच्या पॅनेलला लागली असेल तर पाणी मारायचे नाही. हे पाठ करून भागत नाही, हाताने करून पाहावे लागते. आणि नळकांड्याहूनही मोठा प्रश्न दाराचा असतो. डिसेंबर 2011 मध्ये कोलकात्याच्या एका खासगी रुग्णालयाला पहाटे आग लागून नव्वदच्या आसपास माणसे गेली. धूर पाहून शेजारच्या वस्तीतले तरुण धावत आले तेव्हा सुरुवातीला रक्षकांनी आपल्याला आत सोडले नाही, असे त्या लोकांनी नंतर सांगितले. परक्याला आत सोडू नये हा रोजचा नियम आणीबाणीत केव्हा मोडायचा, हे रक्षकाला आधी शिकवलेले असावे लागते. शिकवले नसेल तर तो सवयीने दार लावूनच घेणार, आणि तो दोष एकट्या त्याचा म्हणता येणार नाही.

दुसरे ठिकाण कायद्याचे. गणवेश घातल्याने रक्षकाला पोलिसाचे अधिकार मिळत नाहीत. सामान्य नागरिकाला असतात तेवढेच त्याला असतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 40 व्या कलमाप्रमाणे, आपल्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला तर खासगी माणूस गुन्हेगाराला पकडू शकतो, पण विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात दिले पाहिजे. आता मॉलमधला रोजचा प्रसंग घ्या. कोणी दोनशे रुपयांची वस्तू खिशात घातली. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची, पहिल्यांदाच केलेली चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र आणि जामीनपात्र वर्गात गेली आहे. अशा माणसाला मागच्या खोलीत कोंडून ठेवणारा रक्षक स्वतःच गुन्ह्यात सापडू शकतो. व्यवस्थापक सांगतो कोंडून ठेव, कायदा सांगतो सांभाळून. त्या क्षणी रक्षकाजवळ स्वतःचे ज्ञान नसेल तर त्याला वाचवायला कोणी येत नाही. ज्यांनी 2024 पूर्वी प्रशिक्षण घेतले त्यांनी भारतीय दंड संहितेची जुनी कलमे शिकली होती. त्यांना नवे कोण शिकवणार आणि ते शिकले की नाही हे कोण पाहणार?

या प्रश्नापाशी व्यवस्थेतली उणीव उघडी पडते. प्रशिक्षण झाले की प्रशिक्षण संस्थाच यशस्वी उमेदवाराला प्रमाणपत्र देते. शिकवणारा आणि उत्तीर्ण ठरवणारा एकच. सगळ्या राज्याला लागू अशी एक प्रश्नपत्रिका नाही, तटस्थ परीक्षक बंधनकारक नाही. कायद्यातला परवाना एजन्सीच्या नावाचा असतो. रक्षकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्रही एजन्सीच देते, आणि नोकरी सुटली की ते एजन्सीला परत करायचे असा नियम आहे. दहा वर्षे चोख काम केलेला रक्षक कंपनी बदलतो तेव्हा गळ्यातले कार्ड काढून देतो आणि नव्या जागी पुन्हा नवखा म्हणून उभा राहतो. गाव सोडणाऱ्या जागल्याची जी अवस्था होती तीच ही. ब्रिटनमध्ये 2001 च्या कायद्याने याच्या नेमके उलट केले. तिथे कंत्राटावर काम करणाऱ्या प्रत्येक रक्षकाला प्रशिक्षण घेऊन, परीक्षा उत्तीर्ण होऊन स्वतःच्या नावाचा तीन वर्षांचा परवाना काढावा लागतो, आणि कंपन्यांची मान्यता ऐच्छिक आहे. आपल्याकडे कंपनीचा परवाना सक्तीचा आणि माणसाचा नाहीच. भारतात हे जमणार नाही असेही म्हणता येत नाही. 1985 च्या कनिष्क विमान घातपातानंतर 1987 मध्ये नागरी विमान सुरक्षा विभाग स्वतंत्र झाला. आज विमानतळावर सामानाची एक्स-रे प्रतिमा पाहणाऱ्या प्रत्येक स्क्रीनरला परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे आणि ते मुदतीत नव्याने सिद्ध करावे लागते. जिथे जीव मोलाचे वाटले तिथे आपण माणसाची परीक्षा घेतली. रुग्णालयात, शाळेत, बँकेच्या दारातही जीव तितकेच मोलाचे आहेत.

यावर पहिला आक्षेप असा येतो की पहारा ही चारित्र्याची गोष्ट आहे. प्रामाणिकपणा परीक्षेत मोजता येत नाही, आणि हुशार पण अप्रामाणिक रक्षक अधिक धोक्याचा. यात तथ्य आहे. पण चारित्र्य पडताळणी आणि परीक्षा एकमेकींच्या जागा घेत नाहीत. डॉक्टरच्या प्रामाणिकपणाची खात्री पदवीने मिळत नाही, म्हणून पदवी रद्द करा असे कोणी म्हणत नाही. शिवाय चारित्र्य ओळखण्याची आपली जुनी रीत जात, मुलूख आणि ओळखपाळख एवढीच होती. तिने रामोशाचे आणि पठाणाचे काय झाले ते वर पाहिलेच. परीक्षा निदान एका माणसाकडे एक माणूस म्हणून पाहते. तिच्यात आडनाव मोजले जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो गरिबांच्या बाजूने केला जातो. गावाकडे शेती बुडाली, कारखाना बंद पडला, दहावी झाली नाही, अशांना पोटाला आधार देणारे हे काम आहे. तिथेही परीक्षेची भिंत घातली तर ते जाणार कुठे? ही काळजी रास्त आहे आणि परीक्षेची रचना तिला धरूनच झाली पाहिजे. प्रश्न मराठीत, हिंदीत, नेपाळीत विचारले जावेत. लेखी भाग थोडा असावा आणि तोंडी व प्रत्यक्ष भाग मोठा. इंग्रजी अक्षरे आणि आकडे वाचता यावेत ही नियमांतली अट रास्त आहे, कारण ओळखपत्र आणि वाहन क्रमांक त्याच लिपीत असतात, पण तेवढे तयारीच्या वर्गात शिकवता येते. जुन्या रक्षकांच्या अनुभवाला मान्यता देण्याची सोय राष्ट्रीय कौशल्य चौकटीत आहेच. निःशस्त्र सुरक्षा रक्षकासाठी ठरलेला अभ्यासक्रम आहे आणि तिथे मूल्यमापन करणारा तिसरा पक्ष असतो. त्याच वाटेने पुढे जाता येईल. मुख्य अडथळा वेळेचा आहे. बारा तास उभा राहणारा माणूस अभ्यास कधी करणार? म्हणून तयारीचे तास ड्युटीचे तास मानून त्यांचा पगार द्यावा लागेल. बारा तासांची पाळी तशीच ठेवून परीक्षा सक्तीची केली, तर ती खरोखरच भिंत ठरेल, आणि तसे करायला माझाही विरोध राहील.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. आपल्याकडे सक्ती आली की बनावट प्रमाणपत्रांचा बाजार येतो, आणि खर्च शेवटी सोसायटीच्या सभासदावर पडतो. बनावटगिरीचा धोका आजच जास्त आहे, कारण शिकवणारा, तपासणारा आणि नोकरी देणारा हे तिघे बऱ्याचदा एकाच छताखाली असतात. परीक्षा घेणारी यंत्रणा वेगळी केली आणि प्रत्येक रक्षकाचा क्रमांक कोणालाही पडताळता येईल असा ठेवला, तर लबाडी निदान पकडता येईल. वायरमनच्या आणि बॉयलरच्या परीक्षांत दोष नाहीत असे नाही, पण त्या बंद करून वीज किंवा वाफ कोणाच्याही हाती द्या, असे कोणी सुचवत नाही. खर्चाबद्दल 1981 च्या कायद्याने वाट दाखवलेली आहे. रक्षकाच्या कल्याणासाठी पगारावर लेव्ही घेता येते, तर त्याच्या शिक्षणासाठीही घेता येईल. परीक्षेचे शुल्क रक्षकाने भरता कामा नये. त्याच्या सजगतेचा लाभ ज्यांना होतो, त्यांनी तो भार उचलावा.

एल्फिन्स्टनच्या अहवालातल्या राखणदारापासून आजच्या गणवेशातल्या रक्षकापर्यंत समाजाने या माणसाकडून सतत जबाबदारी मागितली. चोरी झाली की भरपाई त्याची, आग लागली की हलगर्जी त्याची. जबाबदारी वैयक्तिक आणि ओळख मात्र सामूहिक, हा विसंगत सौदा त्याच्या गळ्यात मारलेला आहे. वतन रद्द झाल्याने जन्माची बेडी तुटली. 1981 च्या कायद्याने पगाराची आणि फंडाची हमी आली. 2005 च्या कायद्याने काय शिकले पाहिजे ते ठरले. आता राहिलेले काम एवढेच की जे शिकले ते तटस्थपणे तपासावे आणि त्याचा दाखला रक्षकाच्या स्वतःच्या नावाने, त्याच्याजवळ कायम राहील असा द्यावा, तीन वर्षांनी नव्याने सिद्ध करण्याच्या अटीसह. महाराष्ट्राकडे मंडळाची चार दशकांची नोंदवही आहे, माथाडी चळवळीपासूनचा अनुभव आहे आणि नियमांतला अभ्यासक्रम तयार आहे. त्यामुळे हा परवाना देशात प्रथम सुरू करण्याची जबाबदारी याच राज्यावर येते. तो मिळाला की रक्षक कंपनीशी पगाराची बोलणी करू शकेल, बेकायदा हुकूम नाकारू शकेल आणि मुंबईहून नागपूरला गेला तरी त्याचे कसब त्याच्याबरोबर जाईल. गिरणीच्या बॉयलरवरच्या माणसाला हा हक्क शंभर वर्षांपूर्वीच मिळाला होता. फाटकावरच्या माणसाला तो देण्यात आणखी उशीर करण्याचे कोणतेही सबळ कारण आता उरलेले नाही.